डाव्या हाताची घडणावळ

सराफाच्या पेढीवर बसलेल्या वसईकराला किंमत म्हणजे काय हे कुणी शिकवावं लागत नाही. सोन्याचा भाव वेगळा, घडणावळ वेगळी आणि तोच दागिना उद्या मोडायला नेला तर हाती येणारी रक्कम तिसरीच, हे घरातल्या म्हातारीलाही तोंडपाठ असतं. घट किती धरली, खडे वजा केले का, हे प्रश्न ती न लाजता विचारते. तिचीच नातवंडं वाद्य करून घ्यायला निघाली की मात्र तिन्ही आकडे एकमेकांत कालवून टाकतात. त्यातून वाद्य बेस गिटार असेल, वाजवणारा डावखुरा असेल, कारागिराकडून हाताने करून घ्यायचं असेल आणि वर एखाद्या दुर्मीळ नमुन्याची नक्कल हवी असेल, तर सांगितलेला आकडा एकाला उघड लूट वाटतो आणि दुसऱ्याला फुकटात पडल्यासारखा. दोघांचीही गल्लत होते, कारण दोघंही वेगवेगळ्या वस्तूची किंमत करत असतात.

वसई-विरारमध्ये बेस गिटारला काम भरपूर आहे. चर्चमधले गायकवृंद, गावोगावचे सण, लग्नाची रिसेप्शनं, नवरात्रातले ऑर्केस्ट्रा, कॉलेजातले बँड. शिवाय विरारहून चर्चगेटपर्यंतचं साठेक किलोमीटरचं अंतर लोकलच्या गर्दीत वाद्य छातीशी कवटाळून रोज कापणारे वादक आहेतच. मुंबईत धोबीतलावाला फुर्टाडोसारखं १८६५ पासूनचं दुकान आहे, आता घरबसल्या मागवायचीही सोय आहे. तरीही डावखुऱ्या गिऱ्हाइकाने भिंतीवरच्या बेसकडे बोट दाखवून ‘हीच, पण लेफ्टी’ असं म्हटलं की बहुधा ‘मागवून देऊ’ एवढंच ऐकू येतं. आणि हवा असलेला नमुना साठ वर्षांपूर्वीचा असेल तर तेही नाही. मग कुणीतरी कारागिराचं नाव सुचवतं आणि हिशेबाचा घोळ सुरू होतो.

माणसांत डावखुरे साधारण दहात एक. पण प्रत्येक डावखुऱ्याला प्रत्येक वस्तू उलटी लागतेच असं नाही. सचिन तेंडुलकर लिहितो डाव्या हाताने आणि फलंदाजी करतो उजव्याने. विनोद कांबळी डावखुरा फलंदाज, पण त्याच्यासाठी वेगळ्या घडणीची बॅट लागली नाही. बॅट दोन्ही बाजूंनी सारखीच असते. डावखुरा तबलजी डग्ग्याची आणि तबल्याची जागा बदलून बसतो. बासरी तर नुसती दुसऱ्या बाजूला धरायची. हरिप्रसाद चौरसिया अन्नपूर्णादेवींकडे शिकायला गेले तेव्हा पहिलं सगळं पुसून नव्याने सुरुवात करायची तयारी दाखवण्यासाठी त्यांनी उजवा हात सोडून डाव्याने वाजवायला घेतलं, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. हात बदलला, बासरी तीच राहिली.

बेस गिटारचं तसं नाही. उजव्या हाताची बेस उलटी धरली की सर्वांत जाड तार खाली जाते, बटणं कोपराखाली येतात, आणि वरच्या पडद्यांपाशी हात जावा म्हणून दिलेली खाच नको त्या बाजूला राहते. मग डावखुऱ्यापुढे तीन वाटा उरतात. पहिली, मुकाट्याने उजव्या हाताची शिकायची. डायर स्ट्रेट्सचा मार्क नॉफ्लर डावखुरा असूनही उजव्या हातानेच वाजवतो. दुसरी, उजव्या हाताचं वाद्य उलटं धरून तारा बदलायच्या. जिमी हेंड्रिक्सने हेच केलं. तिसरी, मुळातूनच डावं वाद्य घ्यायचं. पहिल्या दोन वाटा जवळजवळ फुकट आहेत. त्यामुळे ज्या पोराने अजून एकही स्वर धड काढलेला नाही, त्याच्या बापाने तिसऱ्या वाटेला लाख रुपये घालण्याआधी पहिली वाट सहा महिने तरी चालून पाहायला लावावी. दहा वर्षं डाव्या हाताने वाजवणाऱ्याला मात्र हा सल्ला देणं म्हणजे जेवणाऱ्याला हात बदलून जेव म्हणण्यासारखं आहे. या लेखातला हिशेब अशा दुसऱ्या माणसासाठी आहे.

डाव्या बेसची गोष्ट पॉल मॅकार्टनीशिवाय पुढे सरकत नाही. वडिलांनी दिलेला ट्रम्पेट देऊन त्याने झेनिथची गिटार घेतली. ती उजव्या हाताची असल्याने जमेना. स्लिम व्हिटमन या डावखुऱ्या गायकाचं चित्र पाहिल्यावर त्याने तारा उलट्या लावल्या. १९६१ मध्ये हॅम्बुर्गला बीटल्सचा बेसवादक स्टुअर्ट सटक्लिफ बाहेर पडला आणि ते काम पॉलच्या गळ्यात आलं. खिशात पैसे बेताचे. होफनर कंपनीची व्हायोलिनच्या आकाराची ५००/१ ही बेस त्याला सुमारे ३० पौंडांत मिळाली. ती निवडण्याचं एक कारण त्याने पुढे स्वतःच सांगितलं: आकार दोन्ही बाजूंनी सारखा, त्यामुळे डाव्या हाताने धरली तरी वेडीवाकडी दिसत नाही. म्हणजे जगातली सर्वांत प्रसिद्ध डावी बेस मुळात स्वस्त आणि सोयीची म्हणून घेतलेली होती.

ती बेस १९७२ मध्ये लंडनमध्ये चोरीला गेली. पन्नासेक वर्षांनी, होफनरशी संबंधित माणसांनी आणि पत्रकारांनी चालवलेल्या शोधमोहिमेनंतर ती इंग्लंडमधल्या एका घराच्या माळ्यावर सापडली आणि ती मालकाकडे परतल्याचं फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर झालं. तेव्हा वर्तमानपत्रांतून तिच्या किमतीचे कोटींतले अंदाज झळकले आणि जगभर व्हायोलिन बेसच्या नकलांची विचारपूस करणाऱ्यांना नवा हुरूप आला. इथेच पहिली फसगत होते. त्या कोटींपैकी एक पैसाही लाकडाचा नाही.

वसईकराला हे समजायला लंडनला जायची गरज नाही. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली आणि तिथल्या पोर्तुगीज चर्चमधल्या घंटा मराठे सरदारांनी ठिकठिकाणच्या देवळांत नेऊन बांधल्या. नाशिकला गोदाकाठी नारोशंकराच्या देवळावर टांगलेली घंटा त्यांतलीच. तिच्यावर १७२१ हे साल आहे. तेवढ्याच वजनाची, त्याच धातूची, तशाच घाटाची घंटा आज ओतून घेता येईल. ती वाजेलही कदाचित जास्त चांगली. पण तिला नारोशंकराच्या घंटेचा भाव कुणी देणार नाही, आणि ओतारीही तो मागणार नाही. बेसच्या बाबतीत मात्र नक्कल विकणारा मूळ वस्तूचा लिलावातला आकडा आधी सांगतो आणि मग स्वतःचा आकडा हळूच पुढे सरकवतो. त्या दोन आकड्यांचा एकमेकांशी काहीही संबंध नसतो.

लिलावांनीही डावखुऱ्यांच्या डोक्यात बराच गोंधळ भरून ठेवला आहे. मॅकार्टनीने विंग्ज या बँडच्या काळात वाजवलेली यामाहा बीबी-१२०० ही डावी बेस २०२१ मध्ये ४,९६,१०० डॉलरना गेली आणि बेस गिटारचा तोवरचा विक्रम मोडला. आधीचा विक्रम बेसवादक बिल वायमनच्या फेंडर मस्टँग बेसचा, २०२० मधला, ३,८४,००० डॉलरचा होता. गिटारवादक कर्ट कोबेननेही डाव्या हातानेच वाजवलं. त्याची १९५९ ची मार्टिन गिटार २०२० मध्ये ६० लाख डॉलरच्या वर गेली, फेंडर मस्टँग २०२२ मध्ये सुमारे ४५ लाखांना. ‘लेफ्टी म्हणजे सोनं’ असं म्हणणारे हेच दाखले देतात. पण त्यातली मार्टिन मुळात उजव्या हातासाठी बनलेली आणि नंतर फिरवून घेतलेली होती. लोकांनी पैसे मोजले ते हाताच्या मालकासाठी, हाताच्या दिशेसाठी नव्हे.

दुर्मीळ हा शब्दही जरा सोलून पाहायला हवा. एखादी बेस दुर्मीळ असते कारण ती विशिष्ट माणसाने वाजवली. दुसरी दुर्मीळ असते कारण कंपनीने थोडीच बनवली. तिसरी उजव्या हातात हवी तेवढी मिळते, डाव्यात शोधून सापडत नाही. नक्कल पहिल्या प्रकारातलं काहीच देऊ शकत नाही. दुसऱ्यातला आकार आणि आवाज देते, वय देत नाही. तिसऱ्या प्रकारात मात्र ती खरी उपयोगाची ठरते, कारण तिथे ती अशी वस्तू जन्माला घालते जी बाजारात नव्हतीच. गंमत अशी की मॅकार्टनीच्या पुण्याईने व्हायोलिन बेस हा डाव्या हातात कारखान्यातूनच मिळणाऱ्या मोजक्या जुन्या नमुन्यांपैकी एक आहे. जर्मनीत बनलेली महाग, आशियात बनलेली स्वस्त. त्यामुळे ज्याला तीच हवी आहे त्याने आधी कंपनीच्या डाव्या बेसचा, आयातीसकटचा भाव काढावा. हाताने करून घेतलेल्या नकलेने तो ओलांडला तर व्यवहार तिथेच फसला. गिब्सन कंपनीच्या थंडरबर्ड बेसची गोष्ट वेगळी. रे डायट्रिच या मोटारींचे आराखडे करणाऱ्या माणसाने ती आखली, १९६३ मध्ये ती बाजारात आली आणि १९६५ मध्ये आकार बदलला गेला. त्या पहिल्या दोन-तीन वर्षांतला घाट डाव्या हातात हवा असेल, तर कारागिराचं दार ठोठावण्याला अर्थ आहे.

आता कारखान्यात शिरू. वालीव, सातिवली, गोखिवरे या वसई पूर्वेच्या पट्ट्यात लाकूड कापणारी संगणकी यंत्रं, रंगकाम, पॉलिश, धातूचे सुटे भाग करणारी छोटी युनिटं पुष्कळ आहेत. उजवी आकृती डावी करायला संगणकाला क्षणभर लागतो. हाताने काम करणारा सुतारही फळीवरचा साचा पालथा घालतो की झालं. तेव्हा ‘बॉडी उलटी कापावी लागते म्हणून पंचवीस टक्के जास्त’ असं कुणी म्हटलं तर ते मान्य करू नये. व्हायोलिन बेससारख्या दुतर्फा सारख्या आकारात तर उलटायलाही काही नाही.

खरा जादा खर्च लपलेला असतो तो बारीक भागांत. नटच्या, म्हणजे मानेच्या टोकाशी तारा टेकतात त्या पट्टीच्या, खाचा उलट्या क्रमाने, वेगवेगळ्या जाडीच्या. ब्रिजवरच्या तारांच्या जागा उलट्या तिरक्या. वाजवताना दिसणारे बाजूचे ठिपके मानेच्या दुसऱ्या कडेला. पिकगार्ड आणि बटणांची पट्टी नवी. आवाज बटण डावीकडे फिरवल्यावर वाढायला हवा असेल तर उलट्या चढणीचा पोटेन्शिओमीटर लागतो. साधा लावला तर आवाज उजवीकडे फिरवल्यावर वाढतो किंवा शेवटच्या टोकाला एकदम उसळतो. हे भाग देशात सहज मिळत नाहीत, एकेक मागवावे लागतात, आणि एका नगावरचं टपालही पूर्ण भरावं लागतं. थंडरबर्डसारख्या बेसमध्ये मान शरीरातून आरपार जाते, त्यामुळे सरळ धाग्याचं लांब लाकूड हवं आणि मानेत चूक झाली तर सगळंच वाया. पण हा खर्च उजव्या हातालाही तितकाच. हे सगळं धरून डावेपणासाठी एकूण किमतीच्या पाच ते दहा टक्के जास्त देणं रास्त आहे. त्याच्या वर जे मागितलं जातं ती गिऱ्हाइकाच्या नडीची किंमत.

मिरजेच्या सतारमेकरांकडे हा हिशेब जुना आहे. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तिथे भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतो, दांडी तुणीची. डावखुऱ्यासाठी सतार करायची तर तरफांच्या खुंट्या दुसऱ्या कडेला जातात, घोडीवरचा तारांचा क्रम फिरतो. तरीही ती सतारच राहते आणि तिचे पैसे जवारी, म्हणजे घोडीवर तार टेकण्याचा घाट, कशी उघडली यावर ठरतात. बेसच्या कारागिरालाही हीच कसोटी लावावी.

ती कसोटी मोजपट्टीने लावता येते, हे बेसचं सुख. लांब मापाच्या बेसमध्ये नटपासून ब्रिजपर्यंत तार ३४ इंच, म्हणजे ८६३.६ मिलिमीटर. पहिला फ्रेट, म्हणजे पडदा, नटपासून ४८.५ मिलिमीटरवर आणि बारावा बरोबर मध्यावर, ४३१.८ वर हवा. व्हायोलिन बेस आखूड मापाची, सुमारे ३० इंची. तिथे पहिला फ्रेट साधारण ४२.८ वर येतो. यात चूक झाली की ती कानाला टोचते. चार तारांचा मिळून ओढा लांब मापाच्या बेसवर सत्तर-ऐंशी किलोच्या घरात असतो, म्हणजे एक मोठा माणूस मानेला सतत लोंबकळल्यासारखा. मानेतली लोखंडी कांब, म्हणजे ट्रस रॉड, हा ओढा सांभाळते. डावखुऱ्याने नक्कल हातात घेतली की आधी रंग पाहू नये. बाराव्या फ्रेटवरचा स्वर आणि तिथलाच हार्मोनिक जुळतो का ते पाहावं, मग मानेच्या कडेने डोळा लावून वाक पाहावा.

नकलेच्या प्रामाणिकपणाची परीक्षा तपशिलात होते. मॅकार्टनीच्या १९६१ च्या बेसमध्ये दोन्ही पिकअप मानेच्या बाजूला एकमेकांना खेटून आहेत; १९६३ मध्ये घेतलेल्या दुसऱ्या बेसमध्ये ते दूर दूर आहेत. ‘एकसष्टची हुबेहूब’ म्हणून विकायला ठेवलेल्या बेसमध्ये दुसरा पिकअप ब्रिजजवळ असेल, तर करणाऱ्याने मूळ वस्तूचा फोटोही नीट पाहिलेला नाही. ती वाईट वाजेल असं नाही. पण हुबेहूबपणाचे पैसे तिला देऊ नयेत.

नक्कल आणि बनावट यांतली रेषा नेमकी डोक्याच्या पट्टीवर ओढलेली असते, जिथे कंपनीचं नाव लिहितात. आकाराबद्दल कायदा बराच सैल आहे. आपल्याकडे डिझाइनची नोंदणी आधी दहा आणि वाढवून पंधरा वर्षं टिकते. १९५० च्या दशकातला घाट त्यातून केव्हाच बाहेर पडला. आकार हा ट्रेडमार्क असू शकतो हेही खरं, पण फेंडरने आपल्या प्रिसिजन बेससकट तीन प्रसिद्ध आकारांसाठी अमेरिकेत तसा दावा केला तेव्हा २००९ मध्ये तो फेटाळला गेला: इतकी वर्षं इतक्यांनी तो आकार वापरला की तो आता एकट्याचा उरला नाही. रिकनबॅकर ही कंपनी मात्र आपल्या आकारांवरचा हक्क डोळ्यांत तेल घालून जपते. नावाचं तसं नाही. दुसऱ्याचं नाव डोक्यावर लावून वाद्य विकणं हा ट्रेडमार्क कायद्याखाली गुन्हा आहे. सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड. ‘फक्त शोभेला लोगो लावून देतो’ म्हणणारा कारागीर त्या शोभेने बेसची पुढची विक्रीच अडचणीत आणतो. कोलकात्याच्या गिटारवाल्यांनी गिव्हसन, होबनर अशी नावं घेऊन ही अडचण आपल्या पद्धतीने सोडवली. गिब्सन आणि होफनर ऐकून वाढलेल्या पिढीला त्यात काही खटकलंही नाही.

नक्कल म्हणजे कमअस्सल, असा शिक्का मारण्याआधी दोन गोष्टी आठवाव्यात. १९७७ मध्ये गिब्सनच्या मालक कंपनीने आयबानेझच्या अमेरिकेतल्या शाखेवर, गिटारीच्या डोक्याच्या आकारावरून, दावा लावला. ज्या जपानी नकलांमुळे हे घडलं, त्या काळातल्या ग्रेको, टोकाई, आयबानेझ आज स्वतःच जुन्या वस्तू म्हणून चढ्या भावाने विकल्या जातात, कारण त्या मुळात चांगल्या बांधलेल्या होत्या. दुसरी गोष्ट घरचीच. कोळी-आगऱ्यांच्या हळदीत वाजणारा बेंजो हा १९१२ मध्ये जपानमध्ये नागोयाला गोरो मोरिता यांनी काढलेल्या ताइशोगोतोचा वंशज. इथल्या कारागिरांनी त्याला पिकअप लावले, आवाज वाढवला, आणि आता त्याला कुणी जपानी म्हणत नाही.

लाकडाचा विषय थोडक्यात. फ्रेटबोर्डला शिसव उत्तम, आणि ती आपलीच. २०१७ च्या सुरुवातीपासून शिसवीच्या सगळ्या जाती साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात गेल्या आणि वाद्यं देशाबाहेर नेणाऱ्यांची पंचाईत झाली. २०१९ च्या अखेरीस तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. ब्राझिलियन रोझवुडला मात्र १९९२ पासून कडक बंदी आहे. तेव्हा ‘अस्सल ब्राझिलियन’ म्हणून जादा पैसे मागणाऱ्याकडे कागद मागावा. कागद नसेल तर एक तर ते लाकूड ब्राझिलियन नाही, किंवा ते वाद्य कॅनडातल्या भावाकडे कधीच पाठवता येणार नाही. पडणाऱ्या जुन्या वाड्याच्या सागवानी वाशांचा मोहही अनेकांना होतो. मुरलेलं लाकूड खरंच चांगलं, पण साग तेलकट असतो; डिंकाने सांधा नीट धरावा म्हणून पृष्ठभाग आधी पुसून कोरडा करावा लागतो.

आता आकडे. पुढचा हिशेब दाखवण्यापुरता मांडलेला आहे; प्रत्येकाने त्यात आपापले आकडे घालावेत. समजा लाकूड १८,००० रुपये, पिकअप, ट्यूनर, ब्रिज आणि बाकीचं सामान आयात खर्चासकट ३२,०००, रंग-पॉलिश आणि पेटी १०,०००. माल झाला ६०,००० चा. कारागिराचे १३० तास, ताशी ३५० रुपयांनी, ४५,५००. जागेचं भाडं, वीज, पाती, वाया गेलेलं लाकूड मिळून १२,०००. बेरीज १,१७,५००. त्यावर वीस टक्के नफा धरला तर १,४१,०००. बेस गिटारवर जीएसटी आहे. २०१७ च्या नोव्हेंबरात तो २८ वरून १८ टक्क्यांवर आला. हाताने बनवलेल्या देशी वाद्यांना मिळणारी माफी बेसला नाही. नोंदणी असलेला कारागीर म्हणून १,६६,३८० चं बिल देईल. राज्यातल्या राज्यात फक्त माल विकणाऱ्या, ४० लाखांच्या आत उलाढाल असलेल्या छोट्या कारागिराला नोंदणीची सक्ती नसते. मग त्याने बिलात जीएसटी लावायचं कारणच नाही.

या कागदावर सर्वांत जास्त भांडण होतं ते ताशी ३५० वर. गिऱ्हाईक तिथेच कात्री लावू पाहतं, आणि नेमकं तिथे लावू नये. मालाचा भाव सगळीकडे सारखाच. बेस वाजते ती त्या १३० तासांमुळे. उलट नफ्याच्या ओळीत ‘दुर्मीळ नमुना’ म्हणून कुणी वीसाचे साठ टक्के करत असेल तर तिथे बोट ठेवावं. तो दुर्मीळपणा कारागिराच्या बापाचा नाही.

मोडीचा भाव हा या व्यवहारातला कडू घास. सोन्यात घडणावळ बुडते पण सोनं राहतं. बेस मोडीत काढली तर राहतात पिकअप आणि ट्यूनर. लाकूड जळणाच्या भावाचं. विकायला काढली तर अनोळखी कारागिराची डावी बेस घेणारा माणूस दहांतल्या एका डावखुऱ्यात, त्यातल्या बेस वाजवणाऱ्यांत, त्यातल्या नेमका तोच घाट आवडणाऱ्यांत शोधायचा. तो भेटतो कधीकधी, आणि भेटला की भावाची फारशी घासाघीस करत नाही, कारण त्यालाही दुसरी मिळणार नसते. पण तो भेटेपर्यंत दोन वर्षं जाऊ शकतात. म्हणून वरच्या उदाहरणातली दीड लाखाची बेस पुढच्याच महिन्यात विकावी लागली तर निम्मे पैसे आले तरी बरं, असं धरून चालावं. ज्याला हा तोटा पेलवणार नाही त्याने कंपनीची साधी डावी बेस घ्यावी. कंपनीचं नाव मोडीतही थोडंफार चालतं.

जुनी डावी नक्कल दुसऱ्याकडून विकत घेणाऱ्याने हाच हिशेब उलट्या बाजूने मांडावा. त्याने घडणावळीचे अर्धे पैसे वाचवले, पण कुणाच्या हातची घडण आहे ते कळलं नाही तर तेही वाया. कारागिराची सही, केल्याचं साल, वापरलेल्या मालाची यादी आणि काम चालू असतानाचे फोटो हे चार कागद सोबत असतील तर जास्त देणं योग्य. ते नसतील तर समोरच्याने कितीही मोठ्या बेसचं नाव घेतलं तरी, मोजायचे ते फक्त सुट्या भागांचे आणि हातात बसणाऱ्या मानेचे.

राहता राहिला पाऊस. वसईची जुलैमधली हवा लाकडात शिरते, आडव्या धाग्यात ते फुगतं, मान आणि फ्रेटबोर्ड वेगवेगळ्या मापाने हलतात, आणि फेब्रुवारीत सरळ असलेली मान नारळी पौर्णिमेपर्यंत धनुष्य होऊन बसते. अपुरं सुकवलेलं लाकूड इथेच उघडं पडतं. त्याआधी जाणकारालाही ते सहसा ओळखता येत नाही. तेव्हा पैसे तीन हप्त्यांत ठरवावेत: माल घ्यायला पहिला, तारा चढवून वाजवून दाखवल्यावर दुसरा. तिसरा, निदान वीस टक्क्यांचा, गणपती गेल्यावर द्यायचा, असं कारागिराकडून आधीच कागदावर लिहून घ्यावं.